रक्तातले रखवालदार ओळखायचे कसे?

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या गोळ्या कमी होतील का, हा प्रश्न काही पेशींच्या अंगावरच्या खुणांशी येऊन थांबतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची या तिघांना जाहीर झाले. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच का उलटत नाही, याचे उत्तर या तिघांच्या संशोधनातून मिळाले. इतरांनी ही बातमी वाचून पान उलटले असेल. पण ज्या घरात कुणाचे मूत्रपिंड बदललेले आहे, तिथे ती वेगळ्या कानांनी ऐकली गेली. ‘म्हणजे आता आमच्या ह्यांच्या गोळ्या बंद होणार का हो?’ हा त्या घरातला पहिला प्रश्न.

मी भाषेचा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. तरीही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुळात ओळखीचा प्रश्न आहे. आपला कोण, परका कोण, आणि दोघांत समेट घडवणारा कोण, हे ओळखण्यातच या शास्त्राची गेली पन्नासेक वर्षे गेली आहेत.

दुसऱ्याचा अवयव, आपले शरीर

मूत्रपिंडाला कन्नडमध्येही मूत्रपिंडच म्हणतात. मराठीत आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो, कन्नडमध्ये रोगनिरोधक शक्ती. नाव काहीही असो, या शक्तीचे काम एकच: जे आपले नाही त्याला हुसकावून लावणे. जंतूंच्या बाबतीत हा गुण आपल्याला तारतो. पण आईने मुलाला किंवा पत्नीने पतीला दिलेले मूत्रपिंडही या शक्तीच्या लेखी परकेच असते. प्रेमाने दिलेली वस्तू म्हणून ती त्याला सवलत देत नाही.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. तेथे देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने तक्रार केली नाही. जुळे नसलेल्यांचे काय, हा प्रश्न पुढे औषधांनी सोडवला. नॉर्वेच्या पठारावरील मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले, जपानमधील त्सुकुबाच्या मातीतल्या सूक्ष्मजीवातून टॅक्रोलिमस मिळाले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याकडून यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. आज बेळगावसारख्या शहरातही ही शस्त्रक्रिया होते आणि मरणोत्तर अवयवदानाची नोंद कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ या सरकारी योजनेतून होते.

पण या औषधांचा स्वभाव सरसकट आहे. ती नव्या मूत्रपिंडावर धावून जाणाऱ्या पेशींना आवरतात, तसेच क्षयरोगाशी लढणाऱ्या पेशींनाही आवरतात. टॅक्रोलिमसने काहींचे हात कापतात, काहींना मधुमेह जडतो आणि दीर्घकाळात ज्या मूत्रपिंडासाठी ते घ्यायचे त्यालाच ते इजा करू शकते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तिने दिलेला अवयव टिकावा म्हणून तो आयुष्यभर गोळ्या घेतो आणि त्या गोळ्यांची भीतीही दोघांनी मिळून सोसायची असते. म्हणूनच शरीराला आतूनच समजावता आले तर, ही आशा अनेक वर्षे शास्त्रज्ञांना खुणावत आली आहे.

समेट घडवणाऱ्या पेशी

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी हे प्रतिकारशक्तीचे शिपाई. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यात त्यांचे शिक्षण होते. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशी तिथे बऱ्याच अंशी नाहीशा केल्या जातात. तरी काही निसटतात. त्यांना बाहेर कोण आवरते?

१९७० च्या सुमारास येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी अशी कल्पना मांडली की, इतर पेशींना दाबून ठेवणाऱ्याही काही टी पेशी असाव्यात. कल्पना आकर्षक होती. पण त्या पेशी वेगळ्या काढून दाखवता येईनात, कारण त्यांना ओळखण्याची खात्रीची खूण नव्हती. परिणामी १९८० च्या दशकात ही कल्पनाच बदनाम झाली. ‘दाबणाऱ्या पेशी’ हा शब्द उच्चारायलाही संशोधक कचरू लागले. खूण नसेल तर खरी गोष्टही खोटी ठरते, याचे विज्ञानाच्या इतिहासातले हे एक बोलके उदाहरण.

जपानमध्ये साकागुची यांनी मात्र तो धागा सोडला नाही. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढली तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती त्याच्याच अवयवांवर तुटून पडत होती. निरोगी उंदराच्या टी पेशी परत दिल्या की आजार टळत होता. म्हणजे त्या पेशींत कुणीतरी रखवालदार होते. १९९५ साली साकागुची यांनी दाखवले की, हे रखवालदार सीडी ४ आणि सीडी २५ अशा दोन खुणा अंगावर बाळगतात. सीडी २५ असलेल्या पेशी काढून टाकल्या की उंदरांना स्वतःविरुद्धचे आजार होतात, परत घातल्या की थांबतात. या पेशींना आज नियामक टी पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्तातील सीडी ४ टी पेशींत त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असते.

खूण म्हणजे नेमके काय?

प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असंख्य प्रथिने असतात. कुणी बाहेरचा संदेश पकडते, कुणी शेजारच्या पेशीला धरते. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला अचूक चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली, आणि या प्रथिनांना एकेक करून ओळखणे शक्य झाले. जो तो आपापले नाव ठेवू लागल्यावर गोंधळ माजला. तेव्हा १९८२ साली पॅरिसच्या परिषदेत क्रमांक देण्याची पद्धत ठरली. सीडी ही अक्षरे आणि पुढचा आकडा तिथून आला.

तपासणी अशी होते. रुग्णाचे थोडे रक्त घेतात. त्यात चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. सीडी ४ साठी एक रंग, सीडी २५ साठी दुसरा. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात पेशी एकामागून एक लेझरच्या प्रकाशासमोरून जातात, सेकंदाला हजारोंच्या संख्येने. कोणती पेशी कोणत्या रंगात किती चमकली, हे यंत्र टिपते. पडद्यावर ठिपक्यांचा ढग दिसतो. तंत्रज्ञ त्या ढगाभोवती रेघ आखतो आणि रेघेच्या आतल्या पेशी मोजतो. ही रेघ कुठे आखायची, इथूनच अडचण सुरू होते.

एका खुणेवर भरवसा नको

उंदरात चाललेली गोष्ट माणसात तशीच चालली नाही. सीडी २५ हे इंटरल्यूकिन-२ नावाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचा एक भाग आहे. टी पेशींना वाढायला हा संदेश लागतो. रखवालदार पेशी तो स्वतः तयार करू शकत नाहीत, म्हणून त्या सीडी २५ चे भांडे सतत पुढे धरून असतात. पण हल्ला करणारी टी पेशी चेतवली गेली की तीही सीडी २५ अंगावर चढवते, कारण तिलाही वाढायचे असते. म्हणजे नवे मूत्रपिंड वाचवणारा आणि त्यावर चाल करून येणारा, दोघांच्या अंगावर तोच बिल्ला!

आपल्या सीमाभागातील वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे म्हणून घरची भाषा मराठीच असेल, असे आपल्याकडे कुणी समजत नाही. बाजारात अस्खलित कन्नड बोलणारा आईशी मराठीत बोलत असतो, आणि याच्या उलटही असते. आपण एका खुणेवर माणूस ओळखत नाही. घरी काय बोलतो, चिडला की काय बोलतो, मनातल्या मनात हिशेब कोणत्या भाषेत करतो, हे सारे पाहून अंदाज बांधतो.

पेशीचीही अशी एक ‘मनातली भाषा’ सापडली. अमेरिकेतील ओक रिज येथे १९४० च्या दशकात उंदरांचा एक आजारी वाण निपजला होता. त्याचे नर खपल्या धरलेल्या कातडीचे, काही आठवडेच जगणारे. त्यामागचा जनुकीय दोष ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ साली शोधला आणि त्या जनुकाला फॉक्सपी-३ असे नाव मिळाले. मुलांमधील एका दुर्मीळ, जीवघेण्या आजाराचे मूळही तेच जनुक निघाले. २००३ साली स्पष्ट झाले की, फॉक्सपी-३ हाच नियामक टी पेशींना रखवालदार बनवणारा मुख्य सूत्रधार.

मग फॉक्सपी-३ पाहूनच पेशी ओळखावी की! इथे दोन अडथळे आहेत. पहिला असा की, हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात असते. ते पाहायचे तर पेशीला भोके पाडावी लागतात, म्हणजे ती मरते. मोजणीपुरते ते चालते. पण जिवंत पेशी वेगळ्या काढून रुग्णाला परत द्यायच्या असतील तर चालत नाही. दुसरा असा की, माणसाच्या साध्या टी पेशीही चेतवल्या गेल्या की थोडा वेळ फॉक्सपी-३ दाखवतात. खरा रखवालदार ठरवायचा तर त्या जनुकाच्या एका भागावरील रासायनिक कुलूप कायमचे उघडे आहे का, हे तपासावे लागते. तीही जिवंत पेशीवर होणारी तपासणी नव्हे.

नसण्याची खूण

या पेचातून वाट निघाली २००६ साली. सॅन फ्रान्सिस्को आणि सिडनी येथील दोन गटांनी एकाच वर्षी दाखवले की, नियामक टी पेशींवर सीडी १२७ हे प्रथिन फारच कमी असते. सीडी १२७ हे इंटरल्यूकिन-७ या दुसऱ्या संदेशाचे ग्रहण करणारे प्रथिन; बहुतेक साध्या टी पेशींवर ते भरपूर असते. म्हणजे सीडी ४ आहे, सीडी २५ जास्त आहे आणि सीडी १२७ जवळजवळ नाही, अशी पेशी दिसली तर ती रखवालदार असण्याची शक्यता खूप मोठी. असलेल्या दोन खुणा आणि नसलेली एक, अशी ही तिहेरी ओळख. ती पृष्ठभागावरच होते, त्यामुळे पेशी जिवंत राहते.

प्रत्यारोपणात याचा उपयोग लगेच दिसला. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांच्या रक्तात सीडी २५ असूनही सीडी १२७ भरपूर असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. त्या रखवालदार नव्हत्या. दात्याच्या ऊतींवर चिडणाऱ्या पेशी त्यांतच होत्या. केवळ सीडी २५ मोजले असते तर शत्रूही मित्रांत मोजला गेला असता.

तरी ही ओळखही पूर्ण नाही. नुकत्याच चेतवलेल्या साध्या पेशीवरचे सीडी १२७ देखील काही काळ उतरते. म्हणून आणखी खुणा जोडल्या जातात. साकागुची यांच्या गटाने २००९ साली सीडी ४५ आरए या खुणेच्या आधारे दाखवले की, फॉक्सपी-३ असलेल्या मानवी पेशींचेही तीन गट पडतात: विश्रांत रखवालदार, कामाला लागलेले रखवालदार आणि रखवालदारासारख्या दिसणाऱ्या पण दाबण्याचे काम न करणाऱ्या पेशी. शेवटी खरी परीक्षा एकच उरते. त्या पेशी इतर पेशींची वाढ प्रत्यक्ष रोखतात का, हे प्रयोगशाळेत पाहायचे.

रुग्णाच्या रक्तातला गुंता

निरोगी माणसात जे जमते ते प्रत्यारोपणाच्या रुग्णात आणखी अवघड होते, कारण औषधेच खुणा बदलतात.

पहिले उदाहरण बॅसिलिक्सिमॅबचे. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी अनेक रुग्णांना हे इंजेक्शन देतात. ते स्वतःच सीडी २५ ला चिकटणारे प्रतिपिंड आहे. पुढचे काही आठवडे ते सीडी २५ झाकून बसते. त्या काळात तपासणीतील रंगीत प्रतिपिंडाला चिकटायला जागाच मिळत नाही आणि अहवालात रखवालदार नाहीसे झाल्याचे दिसते. काही प्रयोगशाळा अशा वेळी सीडी २५ च्या वेगळ्या भागाला चिकटणारे प्रतिपिंड वापरतात किंवा फॉक्सपी-३ पाहतात. पण रुग्णाला कोणते इंजेक्शन दिले होते हे तपासणाऱ्याला माहीत असेल, तरच ना!

दुसरे उदाहरण टक्केवारीचे. एटीजी नावाचे औषध टी पेशींची संख्या एकदम खाली आणते. समजा, आधी रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात १००० सीडी ४ पेशी होत्या आणि त्यांत ६० रखवालदार होते. म्हणजे ६ टक्के. औषधानंतर सीडी ४ पेशी १०० उरल्या आणि रखवालदार १२. टक्केवारी ६ वरून १२ झाली, दुप्पट! प्रत्यक्षात रखवालदार पाचातला एकच शिल्लक आहे. अहवालात नुसते टक्के असतील तर घरचे उगाच खूश होतील.

तिसरी गोष्ट, टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन इंटरल्यूकिन-२ ची निर्मितीच थांबवतात. त्यावर जगणाऱ्या रखवालदारांचीही मग उपासमार होते. सिरोलिमस हे औषध या बाबतीत त्यांना अधिक सोसवते. म्हणजे आकडा खाली-वर झाला तर तो शरीराचा कौल आहे की औषधाचा परिणाम, हे वेगळे करावे लागते.

आणि रक्तातले पेशींचे चित्र मूत्रपिंडातल्यासारखेच असेल असेही नाही. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये मणिक्कम सुदंतिरन यांच्या गटाने, थंगमणी मुथुकुमार यांच्यासह, एक वेगळी वाट शोधली. त्यांनी रुग्णांच्या लघवीतील पेशींत फॉक्सपी-३ चा संदेश मोजला. तो नकाराचा झटका आलेल्या रुग्णांत उलट जास्त आढळला. पण त्यांच्यातही ज्यांच्यात तो अधिक होता त्यांचा झटका उपचाराने आटोक्यात येण्याची शक्यता जास्त होती. भांडण असते तिथेच मध्यस्थही गोळा होतात. म्हणून मध्यस्थ दिसले म्हणजे भांडण नाही, असे समजता येत नाही.

ओळख पटली तर काय साधेल?

जगात काही मोजके रुग्ण असे आहेत की, गोळ्या बंद होऊनही त्यांचे मूत्रपिंड चालत राहिले. यकृताच्या बाबतीत हे प्रमाण अधिक आहे. अशा मूत्रपिंड रुग्णांचे रक्त तपासल्यावर २०१० साली अमेरिका आणि युरोपमधील दोन्ही गटांना ठळक खूण सापडली ती बी पेशींची, नियामक टी पेशींची नव्हे. यावरून कळते की, एका जातीच्या पेशी मोजून भविष्य सांगता येणार नाही.

दुसरी वाट उपचाराची. रुग्णाच्या रक्तातून रखवालदार वेगळे काढायचे, प्रयोगशाळेत वाढवायचे आणि परत द्यायचे. इथे खुणांचे मोल सर्वांत जास्त. निवडताना चूक झाली तर आपण हल्लेखोरांचीच पैदास करून त्यांना रुग्णाच्या शिरेत सोडू. म्हणून सीडी २५ आणि सीडी १२७ च्या कसोटीवर पेशी निवडतात आणि वाढवताना अनेकदा सिरोलिमस घालून साध्या पेशींना मागे ठेवतात. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात दात्याच्या पेशींसोबत वाढवलेल्या, नियामक पेशींचे प्रमाण अधिक असलेल्या पेशी यकृत बदललेल्या १० रुग्णांना दिल्या गेल्या. २०१६ च्या वृत्तानुसार त्यांपैकी ७ जणांच्या गोळ्या पूर्ण थांबवता आल्या. युरोप-अमेरिकेतील ‘द वन स्टडी’चे निष्कर्ष २०२० साली आले. त्यात मूत्रपिंड बदललेल्या ३८ रुग्णांना वेगवेगळ्या नियामक पेशी दिल्या होत्या. नकाराचे प्रमाण नेहमीच्या उपचाराइतकेच राहिले, पण कमी औषधांवर भागले आणि विषाणूंचे संसर्ग घटले.

आपल्या देशातही अहमदाबादच्या मूत्रपिंड संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी हाच ध्यास घेतला होता. दात्याच्या मूलपेशी आधी देऊन शरीराला त्याची सवय लावायची, गोळ्या कमीत कमी ठेवायच्या आणि रुग्णाच्या रक्तात नियामक पेशी मोजत राहायचे, असे काम तिथे वर्षानुवर्षे झाले. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आजच्या घडीला ‘नाही’ असेच आहे. नोबेल मिळाले म्हणून गोळी बंद होत नाही. नियामक पेशींचा आकडा चांगला आला म्हणून स्वतःहून गोळी कमी करणे धोक्याचे आहे. आजही रोजच्या देखरेखीचा आधार क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिन, रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी आणि गरज पडल्यास बायोप्सी हाच आहे. नियामक पेशींची मोजणी मुख्यतः संशोधनात होते. कुणी ती करायला सांगितली तर चार गोष्टी जरूर विचाराव्यात: कोणकोणत्या खुणा पाहिल्या, टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष संख्या दिली आहे का, त्या वेळी कोणती औषधे चालू होती आणि मागची तपासणी याच प्रयोगशाळेत झाली होती का. रेघ आखणारा हात बदलला की आकडाही बदलतो.

हे ऐकून कुणी निराश होऊ नये. ज्या पेशींचे अस्तित्वच चाळीस वर्षांपूर्वी नाकारले जात होते, त्या आज जिवंत वेगळ्या काढता येतात, वाढवता येतात आणि रुग्णाला परत देता येतात. हे घडले ते एकेक खूण चिकाटीने शोधल्यामुळे, आणि त्या एका खुणेवर कधीच समाधान न मानल्यामुळे. पुढची पिढी कदाचित दात्याच्या मूत्रपिंडासोबत रखवालदारांची तुकडीही घेऊन घरी येईल. तोपर्यंत घड्याळाच्या ठोक्याला घेतलेली सकाळ-संध्याकाळची गोळी हीच त्या मूत्रपिंडाची खरी राखण.